बालवाडीतली रहाड

रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरायचे जमिनीतले दगडी हौद, उघडतात. वर्गात त्याच खेळासाठी रुंद घमेलं पुरतं.

आदल्या संध्याकाळी 100 ग्रॅम वाळलेली पळसफुलं 2 लिटर पाण्यात भिजवा. सकाळी बाईंनीच ती दहा मिनिटं उकळून, पूर्ण गार करून मलमलच्या कापडातून दोनदा गाळावीत. एकदाच गाळलं तर बारीक तंतू राहतात आणि पिचकारीचं तोंड तुंबतं. रंग गडद व्हावा म्हणून चुना घालू नका, कोवळ्या कातडीची आग होते. उरलेलं पाणी त्याच दिवशी झाडांना घाला. उद्यापर्यंत आंबून वास मारतं.

घमेल्यात पाणी चार बोटं, त्याहून जास्त नको. एका वेळी चारच मुलं, आणि एक मोठं माणूस सतत शेजारी. बाकीची तोवर पळसाच्या पाकळ्या मोजतील, केशरी-काळ्या वेगळ्या करतील. पाळी बदलायची खूण म्हणून रोजचंच गाणं म्हणा, म्हणजे ओढाताण होत नाही.

एखादं मूल अंगावर थेंब पडताच रडतं. त्याला मुळीच ओढू नये! कागद आणि ब्रश द्या, तेच पाणी छान पिवळं उमटतं. खेळ डब्याच्या आधी घ्या, कपडे बदलून सगळी एकत्र जेवायला बसतात.