कोकणातल्या जुन्या वकील-संपादकाचे चरित्र कसे लिहावे

दापोलीजवळच्या मुरूड गावी १८३३ साली जन्मलेले विश्वनाथ नारायण मंडलिक हायकोर्टाचे वकील झाले, १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले. त्यांच्याविषयी लिहायला साधने पुष्कळ आहेत. खरी कसोटी लागते ती रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्यातल्या, आता फक्त एखाद्या गल्लीच्या नावात उरलेल्या वकील-संपादकाचे चरित्र लिहिताना.

आरंभ कुलवृत्तान्तापासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यात जन्म, विवाह, संतती सापडते, पण तो माणूस कुणाशी आणि कशासाठी भांडला हे सापडत नाही. त्यासाठी नगरपालिकेची जुनी ठरावबुके मिळतील तेवढी पाहावीत आणि पाणी, रस्ते, घरपट्टी यांवरच्या ठरावांत सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, हे टिपून घ्यावे. मग त्याच आठवड्याचा त्याच्या वृत्तपत्राचा अंक उघडावा. सभेत घरपट्टीला हात वर करणारा सभासद अग्रलेखात त्याविषयी गप्प असेल, तर ते मौन चरित्रात आलेच पाहिजे. गौरवग्रंथ लिहिणारे नेमके तेच गाळतात.

कोकणातल्या वकिलाच्या दप्तरात खोतीचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याच्या खोताच्या वंशपरंपरागत हक्काचे, वाद असणारच. १८८० च्या खोती कायद्याच्या आगेमागे तो खोतांच्या बाजूने उभा राहिला की कुळांच्या, आणि त्याच्या स्वतःच्या घरात खोती होती का, हे दोन्ही तपासावे.

तारखांबाबत विशेष जपावे. मोडीतल्या खतावर, म्हणजे व्यवहाराच्या दस्तऐवजावर, ‘शके १८०१, पौष वद्य’ असे असेल, तर सवयीने ७८ मिळवून १८७९ लिहिले जाते आणि तिथेच चूक होते, कारण तो पंधरवडा १८८० च्या जानेवारीअखेरीस सुरू होतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. खत स्टँपाच्या कागदावर असेल तर कागदाची मागची बाजू अवश्य पाहावी. स्टँप विकणाऱ्याच्या शेऱ्यात विक्रीची इंग्रजी तारीख आणि घेणाऱ्याचे नाव बहुधा असते, त्यामुळे ताळा करता येतो.

कागद पाहण्याचे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे, कारण पावसाळ्यात दमटपणाने घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि ओढल्या की कसरीने खाल्लेली ओळ हातात तुटून येते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन, कागद होता त्याच घडीत आणि त्याच रुमालात बांधून, मालकाच्या हाती परत द्यावा.