एमएफआरला पहिल्यांदा जाताय? मालिश डोक्यातून काढून टाका

दोन महिने माझी मान आणि डावा खांदा धरलेला. बाम झाला, शेकून झालं, उशी बदलून झाली, शेवटी फिजिओकडे गेले तर त्या म्हणाल्या एमएफआर करूया, म्हणजे मायोफेशियल रिलीज. मला वाटलं छान रगडून देतील आणि घरी येऊन ताणून द्यायची. तसलं काही झालं नाही, म्हणून हे लिहितेय, निदान तुम्ही तरी तयारीने जा.

आधी हा फेशिया काय ते. संत्र्याची फोड सोलली की आत रसाच्या प्रत्येक पाकळीभोवती पातळ पापुद्रा असतो ना, तसा आपल्या स्नायूंभोवती आणि स्नायूंच्या आतही एक पापुद्रा असतो. चिकन साफ करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तोच तो पांढरट. हा आखडला, चिकटला की दुखतं आणि हाताने दाबून तो मोकळा करायचा, अशी मूळ कल्पना. पण हाताच्या दाबाने तो खरंच ताणला जातो का यावर फिजिओ लोकांतच वाद आहे, बरेच जण आता म्हणतात की दाबामुळे मेंदूला निरोप जातो आणि स्नायू पकड सोडतो. मला दोन्ही चालेल, मान वळल्याशी मतलब.

दुसरी गंमत म्हणजे गाठी, ज्यांना ते ट्रिगर पॉइंट म्हणतात. दाबतात खांद्यावर आणि कळ जाते कानामागून थेट कानशिलात! मी उडालेच, म्हटलं नस दबली की काय. पण हे नेहमीचं आहे. कुठली गाठ दाबली की कुठे कळ जाते याचे नकाशेच आहेत, डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी ते १९८३ च्या पुस्तकात मांडले. या ट्रॅव्हेलबाई म्हणजे अमेरिकेचे प्रेसिडेंट केनेडी यांच्या डॉक्टर, केनेडींची पाठ कायम दुखायची.

जायच्या आधी. दुखणारा खांदा डावा म्हणून आईने मला पहिला ईसीजी काढायला लावला आणि बरोबरच केलं. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात कळ असेल तर फिजिओ नाही, सरळ हॉस्पिटल. तसंच हातापायातली ताकद कमी वाटतेय, जांघेत बधिरपणा आलाय, लघवीवर ताबा राहत नाहीये, दुखण्यासोबत ताप आहे किंवा उगाच वजन उतरतंय, तर आधी डॉक्टर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, हाडं ठिसूळ असतील, प्रेग्नंट असाल तर न विचारता स्वतःहून सांगा. आणि करणारी व्यक्ती बीपीटी किंवा एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री घेतलेली आहे ना ते विचारून घ्या, यात लाजायचं काय. त्या दिवशी तेल, बाम काही लावून जाऊ नका, हात घसरतो. सैल कपडे, स्लीव्हलेस असेल तर बरं. लेडी थेरपिस्ट हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं.

आता प्रत्यक्ष. पहिली दहा मिनिटं हालचाल बघतात, मान कुठपर्यंत वळते, हात कुठे अडतो. मग झोपवतात आणि हात एका जागी ठेवतात. आणि ठेवूनच देतात! दीड-दोन मिनिटं, कधी पाच मिनिटंसुद्धा. मला वाटलं बाई मोबाइल बघतायत की काय. पण मग हळूहळू खाली काहीतरी विरघळल्यासारखं होतं, गरम वाटतं आणि हात आपोआप पुढे सरकतो. तेल नाही, चोळणं नाही. काही जण स्टीलची पट्टीसारखी वस्तू फिरवतात, ते वेगळं तंत्र आहे, आणि सुई काढली तर ते ड्राय नीडलिंग, आधी विचारल्याशिवाय करू देऊ नका.

दुखतं का? दुखतं, पण हवंहवंसं. दहापैकी पाच-सहाच्या वर गेलं की श्वास अडकतो आणि अंग उलट आखडतं, तेव्हा "ताई, कमी करा" म्हणायचं, दात ओठ खाऊन सहन केलं तर जास्त फायदा होतो हा आपला गैरसमज आहे. करंट बसल्यासारखी कळ हातात उतरली किंवा मुंग्या आल्या तर लगेच बोला.

दुसऱ्या दिवशी जिमला पहिल्यांदा गेल्यासारखं अंग ठणकतं, एक-दोन दिवसांत उतरतं. थोडं हिरवंनिळं झालं तरी चालतं पण दरवेळी होत असेल तर दाब जास्त पडतोय. भरपूर पाणी प्या म्हणजे टॉक्सिन बाहेर पडतील असं कोणी सांगितलं तर पाणी प्या, बाकीचं सोडून द्या.

मोकळं वाटणं दोन-तीन दिवसच टिकतं, त्यातच व्यायाम करून घ्यायचे. मी हनुवटी आत ओढणं आणि दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणणं करायचे, आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या थप्पीवर चढवला, वेगळा कीबोर्ड लावून. घरी टेनिस बॉल मोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरायचा, एका जागी मिनिटभर, मणक्यावर नाही आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तर अजिबात नाही.

आणि पॅकेज! मला एका ठिकाणी पहिल्याच दिवशी १५ सिटिंगचे पैसे आगाऊ मागितले. भरू नका. यावरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, पाठीच्या, मानेच्या जुन्या दुखण्यात थोडा फायदा दिसतो, चमत्कार नाही. एक रोजची गोष्ट मोजायला धरा. माझी होती स्कूटर वळवताना मागे बघणं. तिसऱ्या-चौथ्या सिटिंगपर्यंत त्यात काहीच फरक नसेल तर थांबून विचारा, दुसरं काय करता येईल. मला चौथ्याला उजवीकडे बघता यायला लागलं, डावीकडे अजून आरशावरच भागवतेय.