दुर्लक्षित, जखमी साप घरी आलाय? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

कुणी घर बदलतं, कुणाची हौस फिटते, आणि काचेच्या टाकीसकट एक साप आपल्या हाती येतो. पाठीचा कणा वर आलेला, कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटलेली, पोटाखाली लालसर तपकिरी डाग. माझ्याकडे पहिला बॉल पायथन असाच आला. त्या पहिल्या रात्री मी त्याला अंघोळ घातली, जखमेला मलम चोपडलं, ओली कात ओढून काढली आणि वर उंदीर पुढ्यात ठेवला. चारही गोष्टी मायेपोटी केल्या आणि चारही चुकल्या. जखमी साप आधीच्या मालकाच्या दुर्लक्षातून वाचतात, पण नव्या मालकाच्या घाईपुढे कधी कधी हात टेकतात.

हे सगळं बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशा पाळीव म्हणूनच वाढलेल्या बिनविषारी सापांबद्दल आहे. बाहेर सापडलेला जखमी साप ही वेगळी गोष्ट. तो प्रशिक्षित सर्पमित्राकडेच द्यायचा, घरी ठेवायचा नाही.

आधी औषध, मग ऊब: उलटा क्रम

सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. प्रतिकारशक्ती, पचन, जखम भरणं, इतकंच काय, औषध अंगात भिनणंसुद्धा बाहेरच्या तापमानावर चालतं. टाकी गार असेल तर उत्तम अँटिबायोटिकही अर्धंमुर्धंच काम करतं. म्हणून पहिल्या दिवशी हात औषधाकडे जाण्याआधी थर्मामीटरकडे गेला पाहिजे. बॉल पायथनला टाकीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकचं गरम टोक २९ ते ३१ पुरतं, गार टोक २३ ते २५. दोन्ही टोकांना दडायला जागा हवी. एकच आडोसा असेल तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच काहीतरी निवडतो, आणि बहुतेक वेळा ऊब सोडतो.

काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर पाहून निर्धास्त होऊ नका. ते काचेचं तापमान सांगतात. साप जिथे पोट टेकतो तिथे सेन्सरची वायर ठेवून मोजा.

दुर्लक्षित सापांच्या पोटावरचे डाग बहुतेकदा भाजल्याचे असतात, आणि कारण बहुधा थर्मोस्टॅटविना, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राविना, टाकीखाली लावलेली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), किंवा जाळी न लावलेला बल्ब. ‘चटका बसला की तो आपणहून सरकेल’ असं आपल्याला वाटतं. तो सरकत नाही. गार टाकीत तेवढाच एक कोपरा गरम असेल तर पोट भाजत असतानाही साप तिथेच पडून राहतो. सुरुवातीला खवले नुसते गुलाबी दिसतात, मग फोड येतात, आणि भाजणं किती खोल गेलंय हे कळायला कित्येक दिवस जातात. त्यामुळे ‘थोडंसंच आहे’ हा निष्कर्ष पहिल्या दिवशी काढू नका, आणि आधीच्या मालकाकडून आलेली मॅट थर्मोस्टॅट मिळेपर्यंत प्लगला लावू नका. गरम होणारे कृत्रिम दगड तर थेट फेकून द्या.

जखमेवर घरातली बाटली रिकामी करणं

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर नव्याने येणारी पेशींची कोवळी साय पण मारतात. पोव्हिडोन आयोडीन चालतं, पण फिक्या चहाइतकं पातळ करून. त्या रंगापेक्षा गडद झालं तर आणखी पाणी घाला. माणसांच्या मलमांमध्ये बधिर करणारं औषध मिसळलेलं असू शकतं, तेव्हा वेष्टन वाचल्याशिवाय लावू नका. चिकटपट्टी तर मुळीच नको, काढताना खवले घेऊनच निघते.

टाकीतला लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या काढून टाका. ओल्या जखमेत त्याचे कण रुततात. साधा पांढरा टिश्यूपेपर अंथरा आणि रोज बदला. दिसायला गरिबी वाटते, पण रक्त, पू, विष्ठा, कीड, सगळं त्यावर लगेच दिसतं.

जखमेशेजारी टणक गाठ असेल तर ती दाबू नका. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, चीजसारखा घट्ट बसतो. दाबून तो बाहेर येत नाही, आत पसरतो. ते काम पशुवैद्याच्या चाकूचं.

उंदराने चावलेल्या जखमा वेगळ्या ओळखू येतात: पाठीवर, रांगेत, कधी कण्यापर्यंत. भूक नसलेल्या सापाजवळ रात्रभर जिवंत उंदीर सोडला की उंदीरच सापाला कुरतडतो. पुढे सापाला फ्रोझन उंदीर फ्रीजमध्ये वितळवून, कोमट पाण्यात ऊब देऊन द्यायचा आहे, हे आत्ताच ठरवून टाका. मायक्रोवेव्हमध्ये नको, आतून अर्धा शिजतो आणि फुटतो.

चिकटलेली कात ओढणं

मोह आवरत नाही, मला माहीत आहे. पण कोरडी कात ओढली की खालची नवी कातडी सोलली जाते. दमट डबा करा: झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत ओलं मॉस किंवा पिळलेला टॉवेल, टाकीच्या गरम बाजूला. साप स्वतः आत जाऊन बसतो. दोन-चार दिवसांत बरीच कात सुटते. उघडी जखम असेल तर आधी पशुवैद्याला विचारा. ओलाव्यात राहिलेली जखम सडते, त्यामुळे अंघोळ आणि ओला डबा दोन्ही तिथे घातक ठरू शकतात.

दोन जागा खास पाहा. शेपटीच्या टोकाला कातीची कडी अडकून राहिली तर रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळं पडतं. दुसरी जागा डोळा. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. तो अडकला तर डोळा धुरकट, सुरकुतलेला दिसतो. चिमट्याने काढायला जाल तर डोळाच गमवाल. पुढच्या कातीपर्यंत दमटपणा नीट ठेवला तर बहुधा आपोआप सुटतो.

पाण्यात बसवायचंच असेल तर पाणी २८ ते ३० अंशांचं, सापाच्या अर्ध्या जाडीपर्यंत, पंधरा मिनिटं, आणि तुम्ही समोर बसलेले. अशक्त साप उथळ पाण्यातही बुडतो.

हाडं दिसतात म्हणून भरपेट खायला घालणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. उपाशी शरीराची पचनयंत्रणा आक्रसलेली असते. मोठं भक्ष्य गेलं की साप ते उलटून टाकतो, आणि प्रत्येक उलटीत पाणी, क्षार आणि अन्ननलिकेचं अस्तर जातं. उलटी नाही झाली तरी धोका आहेच: अचानक अन्न आल्यावर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय डगमगतं.

म्हणून आधी ऊब, मग पाणी, अन्न शेवटी. अंगावरची कातडी चिमटीत धरल्यावर तशीच उभी राहते का, डोळे आत गेलेत का, विष्ठेतला पांढरा खडूसारखा भाग पिवळा-नारिंगी आणि कडक झालाय का, हे पाहा. तशी लक्षणं असतील तर आधी पाण्याची भरपाई, तीही गरज पडल्यास पशुवैद्याच्या इंजेक्शनने. तापमान चार-पाच दिवस स्थिर राहिलं की पहिलं भक्ष्य द्या, सापाच्या सर्वात जाड भागाच्या निम्म्या जाडीचं. पुढचं सात ते दहा दिवसांनी, तेवढंच. उलटी झाली तर दोन आठवडे काहीही देऊ नका. खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही.

खात नसेल तर तोंड उघडून कोंबू नका. धडधाकट, मोठा बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाताही राहतो. खरं उत्तर वजनकाट्यावर मिळतं: आठवड्यातून एकदा, ग्रॅममध्ये, वहीत लिहून.

पाण्याच्या भांड्यात बसलाय, म्हणजे त्याला आवडतंय

बहुधा नाही. खवल्यांखालच्या माइट किडीला बुडवण्यासाठी साप तासन्‌तास पाण्यात बसतो. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडांना खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके शोधा, भांड्याच्या तळाशीही. नुसता साप धुऊन उपयोग नाही, अंडी टाकीच्या सांध्यांत असतात. कुत्र्या-मांजरांचं कीटकनाशक अंदाजाने फवारू नका.

घरात दुसरा साप असेल तर नव्याला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. आधी निरोगी सापाचं काम करा, आजाऱ्याचं शेवटी. चिमटे-भांडी एकमेकांत मिसळू नका. हात साबणाने धुवा. दिसायला ठणठणीत सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना लांब ठेवा.

थांबून पाहूया म्हणणं कुठे चालत नाही

तोंडात बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, जखमेतून दिसणारं मांस किंवा हाड, कुजका वास, मलद्वारातून बाहेर आलेला भाग, काळं पडलेलं शेपटीचं टोक, उलटा केल्यावर सुलटं न होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. सरीसृपांची सवय असलेला पशुवैद्य जवळ नसेल तर साधा पशुवैद्यही चालेल, मात्र तो तज्ज्ञाला विचारायला तयार हवा. कापडी पिशवीत गाठ मारून, पिशवी डब्यात ठेवून न्या. सोबत वजनाची वही, टाकीच्या तापमानाचे आकडे आणि ताजी विष्ठा घ्या.

अँटिबायोटिक स्वतः सुरू करू नका. काही औषधं सापाला तीन दिवसांतून एकदाच देतात, आणि जेंटामायसिनसारखी औषधं पाणी कमी असलेल्या सापाची किडनी निकामी करू शकतात. गोळी पूड करून पाण्यात टाकणं हा तर अंधारात मारलेला दगड, तो किती पाणी पितो हे कुणाला ठाऊक?

जखम भरत असताना साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो. पहिली एक-दोन वेळा कात नेमकी जखमेवर अडकेल आणि सगळं मागे गेल्यासारखं वाटेल. तिथली कात तशीच राहू द्या, कडा लाल होत नाहीत ना एवढं बघा. माझ्या पायथनच्या पोटावरचा डाग चौथ्या कातीनंतर फिकटला, पण तिथले खवले अजून वाकडेच आहेत.