नव्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकताना मध्येच क्रॅश? पेनड्राइव्ह बदलत बसण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाने स्वतःच्या हाताने पहिला कॉम्प्युटर जोडला. रायझन ७६०० प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. पंखे फिरले, बायोस (विंडोजच्या आधी चालणारी, मदरबोर्डातली सेटिंगची स्क्रीन) उघडलं, घरातल्यांना बोलावून दाखवून झालं. मग विंडोज ११ टाकायला घेतलं आणि २७ टक्क्यांवर निळी स्क्रीन आली. पुन्हा सुरुवात केली तर ६१ टक्क्यांवर आली. तिसऱ्यांदा निळी स्क्रीन आलीच नाही, पण फाइल खराब आहे, वाचता येत नाही असा निरोप आला आणि खाली ८००७०५७० ने संपणारा कोड. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आयएसओ (विंडोज टाकायची मूळ फाइल) दोनदा उतरवून झाली, पेनड्राइव्ह चारदा तयार करून झाला. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला, "दादा, पेनड्राइव्हच खराब आहे वाटतं."

पेनड्राइव्ह ठणठणीत होता. पण त्याने केलेली चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"बायोस उघडतंय, म्हणजे हार्डवेअर ठीक आहे"

सगळा घोळ इथून सुरू होतो. बायोसची स्क्रीन दिसायला रॅमचा अगदी छोटा भाग लागतो आणि प्रोसेसरला काम असं काही नसतंच. विंडोज टाकताना मात्र काही जीबीची एक घट्ट दाबलेली फाइल पेनड्राइव्हवरून वाचली जाते, रॅममध्ये उलगडली जाते, तपासली जाते आणि मग एसएसडीवर लिहिली जाते. नव्या मशीनच्या आयुष्यातलं हे पहिलं खरं काम. वाटेत रॅममधला एखादा बिट जरी उलटला तरी तपासणीत हिशोब जुळत नाही आणि सेटअप म्हणतो, फाइल खराब आहे. फाइल पेनड्राइव्हवर शाबूत असते, ती बिघडते रॅममध्ये आल्यावर.

म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक वेळी किती टक्क्यांवर, कोणत्या नावाने अडलं ते लिहा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नावाने पडत असेल (एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट) तर पहिला संशय रॅमवर घ्या. दर वेळी त्याच टक्क्यावर, त्याच कोडने अडत असेल तर आयएसओ, पेनड्राइव्ह किंवा एसएसडी तपासा. निळी (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळी) स्क्रीन न येता मशीन फटकन बंद पडत असेल तर उष्णता किंवा वीज. स्क्रीनवर व्हिआ अनकरेक्टेबल एरर असं आलं तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज आणि ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) बघा. याला अपवाद असतात, पण सुरुवात कुठून करायची ते एवढ्यावरून कळतं.

रॅमचा वेग आधीच वाढवून ठेवणं

रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं. बायोसमध्ये मात्र बहुतेक वेळा ४८०० दिसतं. फसवलं गेल्यासारखं वाटतं आणि लगेच एक्सपो किंवा एक्सएमपी (पाकिटावरचा वेग लावणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केलं जातं. ४८०० हा त्या रॅमचा ठरलेला मूळ वेग असतो. ६००० म्हणजे ओव्हरक्लॉक, आणि तो तुमच्या प्रोसेसरला आणि मदरबोर्डाला पेलेलच याची खात्री पाकीट देत नाही. रॅमच्या चार पट्ट्या लावल्या असतील तर आणखी कठीण.

विंडोज टाकेपर्यंत बायोस मूळ सेटिंगवर ठेवा. मशीन दोन-चार दिवस नीट चाललं की मग वेग वाढवा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त तक्रारी या एकाच गोष्टीने मिटतात.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक म्हणजे घाई. एएम५ बोर्डावर (रायझन ७६०० सारखे प्रोसेसर ज्यावर बसतात तो) पहिल्यांदा वीज दिली की मशीन रॅमशी जुळवून घेतं. स्क्रीन काळी राहते, बोर्डावर डीरॅमचा छोटा दिवा पेटलेला दिसतो, आणि याला कित्येक मिनिटं लागू शकतात. लोक घाबरून पॉवरचं बटण दाबून धरतात आणि ती जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून या, पंधरा मिनिटं हात लावू नका.

रॅम न तपासता दुकान गाठणं

मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं साधन फुकट मिळतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करायचा आणि त्यावरून मशीन चालू करायचं. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी साधनावरून मशीन चालू होऊ न देणारं सेटिंग) आडवं येत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. एक फेरी पूर्ण होऊ द्या, जमल्यास रात्रभर चालू ठेवा. चूक शून्यच हवी. "दोनच आल्या, चालेल" असं इथे नसतं.

मामेभावाच्या मशीनवर मी आधी एक्सपो बंद केलं आणि मेमटेस्ट लावलं. चार मिनिटं सगळं शांत होतं. मग एक लाल ओळ आली, तिच्याखाली दुसरी, आणि बघता बघता अर्धी स्क्रीन लाल झाली. तो शेजारी बसून बघत होता. तीन दिवस ज्या पेनड्राइव्हला तो दोष देत होता, तो हातातच होता.

पण लाल ओळी आल्या म्हणजे रॅमच खराब, असं लगेच म्हणू नका. एक पट्टी काढा, उरलेली एकच प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत लावा. बोर्डावर तिला ए२ म्हणतात. तपासा. मग त्याच खाचेत दुसरी पट्टी लावून तपासा. चुका पट्टीबरोबर फिरल्या तर पट्टी सदोष. दोन्ही पट्ट्या ए२ मध्ये चुका दाखवतात आणि वेगळ्या खाचेत नीट चालतात, असं असेल तर पट्ट्या निर्दोष आहेत. मग बोर्ड, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर यांच्याकडे बघा. आमच्याकडे एक पट्टी कुठेही लावली तरी लाल ओळी देत होती, दुसरी स्वच्छ होती.

दोन पट्ट्या कायमच्या लावताना दुसरी आणि चौथी खाच वापरा. आणि "टक" असा आवाज येईपर्यंत दाबा. नवा बोर्ड वाकेल या भीतीने हात हलका पडतो, पट्टी एका टोकाला केसभर वर राहते, आणि वरून बघताना ते लक्षात येत नाही.

कूलरखालची फिल्म

हीटसिंकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या धातूच्या भागाच्या) तळाला पातळ पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. ती न काढता वर थर्मल पेस्ट लावून कूलर आवळलेली मशीन्स मी स्वतः दोन उघडली आहेत. बायोस चालतं, कारण तिथे प्रोसेसर तापायला वेळ लागतो. सेटअप सुरू झाला की तापमान झरझर चढतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो.

बायोसमध्ये दहा मिनिटं थांबून तापमानाचा आकडा बघत राहा. तो एका जागी स्थिरावला तर ठीक. नव्वदीकडे चढतच राहिला तर कूलर काढून बघा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे ना, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळलेत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

वीज म्हणाल तर मोठा २४ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा, दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराच्या अर्थिंगमध्ये दोष आहे. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर मशीन चालू करू नका. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जुगाड तर कधीच नको.

जुनं बायोस तसंच ठेवणं

बोर्ड दुकानात कित्येक महिने पडून असतो. त्यावरचं बायोस त्या काळातलं, प्रोसेसर मात्र नवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर घेतला असेल तर हा मुद्दा टाळूच नका. या चिप्सना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या अस्थिर होत होत्या, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून येणारी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दाबलेल्या फाइल उलगडताना बिघाड होणं हे त्याचं एक ठळक लक्षण होतं, आणि विंडोजचा सेटअप नेमकं तेच करतो. दुरुस्तीमुळे पुढचं नुकसान थांबतं. आधीच बिघडलेली चिप मात्र सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

बायोस अपडेट करताना मशीन यूपीएसवर असू द्या. मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर त्या दिवशी करूच नका. आणि रॅमचा वाढवलेला वेग आधी उतरवा.

पेनड्राइव्ह खरंच दोषी असतो तेव्हा

असं होतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. तो तयार करायला मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस हे सॉफ्टवेअर वापरा, फाइली ओढून टाकू नका. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. आयएसओ उतरवली असेल तर तिचा शा-२५६ हॅश (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा लांबलचक आकडा) मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये न लावता मागे थेट बोर्डावर लावा. कुणी "रेडी विंडोज" म्हणून दिलेला पेनड्राइव्ह मी तरी वापरत नाही. त्यात काय काढलंय आणि काय घातलंय हे सांगणारं कुणी नसतं.

पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्या पानावर आला तर तो क्रॅश नव्हे. मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरून चालू झालंय, तो काढून घ्या. एसएसडी यादीत दिसतच नसेल आणि प्रोसेसर इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर बायोसमधलं व्हीएमडी (एसएसडी हाताळणारं इंटेलचं सेटिंग) बंद करून बघा. जुनी हार्डडिस्क जोडलेली असेल तर विंडोज टाकून होईपर्यंत तिची केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज सुरू करणारा बूटचा भाग तिच्यावर जाऊन बसू शकतो.

दुकानात जाताना

मामेभाऊ नुसती तोंडी तक्रार घेऊन गेला तेव्हा दुकानदाराने ती पट्टी आपल्या मशीनवर लावली, विंडोजचा डेस्कटॉप उघडून दाखवला आणि "चालतेय की" म्हणून परत दिली. दुसऱ्यांदा त्याने तीन फोटो नेले. एकात ए२ खाचेत ती एकटी पट्टी आणि लाल ओळी, दुसऱ्यात त्याच खाचेत दुसरी पट्टी आणि शून्य चुका, तिसऱ्यात बायोसचं मूळ सेटिंग. पट्टीवरचा सीरियल नंबर दिसेल असा पहिला फोटो काढला होता. या वेळी वाद झाला नाही, पट्टी वॉरंटीत जमा झाली. बदली रॅम यायला अकरा दिवस लागले, तोवर त्याने एका पट्टीवर विंडोज टाकलं. त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून, पहिल्याच प्रयत्नात.