शून्य एरर म्हणजे नक्की किती? फायबर लिंकचा बीईआर काढताना

बीईआर (बिट एरर रेट) म्हणजे गेलेल्या बिटांपैकी किती चुकले याचं प्रमाण. टेस्टरवर मिनिटभर शून्य एरर दिसला की लिंक पास, असं फायबरच्या कामात नव्याने आलेल्या बहुतेकांना वाटतं. पण शून्याला अर्थ येतो तो तेवढ्या वेळात किती बिट गेले यावरून. १० जी (सेकंदाला सुमारे १० गिगाबिट) लिंकला १ लाख कोटी बिटांत जास्तीत जास्त १ चूक चालते. हे ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर एकही चूक न येता त्याच्या तिप्पट, म्हणजे ३ लाख कोटी बिट जायला हवेत. १० जीवर त्याला ४ मिनिटं ५१ सेकंद लागतात, १ जीवर तब्बल ४० मिनिटं. मध्येच १ एरर आला तर घाबरू नका. टेस्ट पुन्हा शून्यापासून सुरू करून पास दाखवू मात्र नका. तीच पुढे चालवा. १ एररसह पास म्हणायला साधारण ४.७५ लाख कोटी बिट, म्हणजे १० जीवर ७ मिनिटं ४० सेकंद लागतात.

टोकाला लूप (आलेला सिग्नल तसाच परत पाठवणारी जोडणी) लावला असेल तर जाण्याच्या आणि येण्याच्या चुका एकत्रच मोजल्या जातात. दोष कोणत्या दिशेचा, हे त्यातून कळत नाही.

बीईआर टेस्टर हाताशी नसेल तर स्विचचा सीआरसी काउंटर (बिघडलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, मोजणारा) घ्या. १५०० बाइटची फ्रेम म्हणजे सुमारे १२,००० बिट. १०० कोटी अशा फ्रेममध्ये १२ सीआरसी एरर आले, तर दर १ लाख कोटीत १ च्या आसपास. मात्र एका फ्रेममध्ये दहा बिट बिघडले तरी काउंटर एकच वाढतो, त्यामुळे चुका घोळक्याने येत असतील तर हा अंदाज कमी निघतो.

वेळ वाचवायचा खरा मार्ग म्हणजे व्हेरिएबल अ‍ॅटेन्युएटर, प्रकाश हवा तेवढा कमी करणारं साधन. टेस्टरवर पीआरबीएस ३१ पॅटर्न (यादृच्छिक वाटणाऱ्या बिटांची ठरलेली मालिका) लावा आणि पॉवर मुद्दाम कमी करून चुका वाढवा. प्रत्येक रीडिंगला किमान १०० एरर जमू द्या. त्याहून कमी असतील तर आकडा फार हलतो. मग बीईआरचं क्यू फॅक्टरमध्ये (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट, याचा आकडा) रूपांतर करा: लाखात १ म्हणजे ४.२६, कोटीत १ म्हणजे ५.२, १०० कोटीत १ म्हणजे ६, लाख कोटीत १ म्हणजे ७.०३. साध्या पिन (पीआयएन फोटोडायोडच्या) रिसीव्हरमध्ये क्यू पॉवरच्या प्रमाणात वाढतो, पण पॉवर मायक्रोवॅटमध्ये घ्यायची, डीबीएममध्ये (१ मिलीवॅटच्या तुलनेत, लॉग मापात) नाही. बिंदू सरळ रेषेत आले तर रेषा ७.०३ पर्यंत वाढवा. वर जाताना रेषा आडवी झाली तर पॉवर वाढवून उपयोग नाही. परावर्तन किंवा डिस्पर्शन (प्रकाशाचे पल्स पसरणं) शोधा.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. लाखात १ आणि लाख कोटीत १ यांच्यात पॉवरचं फक्त २.२ डीबीचं अंतर आहे. अगदी काठावरच्या लिंकची १ डीबी गेली, तर १० जीवर सेकंदाला शंभरेक चुका सुरू होतात.

कोल्हापूर-इचलकरंजी मार्गावर केबल ३० किमी धरा. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किमीमागे ०.२२ प्रमाणे ६.६ डीबी लॉस, ०.१ चे दहा जॉइंट १ डीबी, ०.५ चे चार कनेक्टर २ डीबी, एकूण ९.६. ईआर मॉड्यूल (लांब पल्ल्याचं १० जी ऑप्टिकल मॉड्यूल) कमीत कमी उणे ४.७ डीबीएम देतं आणि उणे १५.८ पर्यंत वाचतं, म्हणजे ११.१ डीबी. शिल्लक फक्त दीड. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की तुकडा टाकून दोन जॉइंट वाढतात, म्हणजे ०.२ डीबी. सात-आठ कटमध्ये शिल्लक संपली! हेच ईआर लॅबमध्ये छोट्या पॅच कॉर्डने थेट जोडू नका. त्याचा रिसीव्हर उणे १ डीबीएमच्या वर झेपवत नाही. किमान ५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावा.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर जॉइंट क्लोजर उघडून पाहा. ओटीडीआरवर (फायबरमध्ये कुठे किती लॉस आहे ते दाखवणारं यंत्र) १३१० ला लॉस ठीक आणि १५५० ला जास्त दिसला तर फायबर कुठेतरी वाकलंय, स्प्लाइस (जॉइंट) पुन्हा करू नका, आधी ट्रेमधली गुंडाळी सैल करा. हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा) आणि निळा यूपीसी (सरळ टोकाचा) कनेक्टर एकमेकांत घातलेला नाही ना, हेही त्याच फेरीत बघा. आणि रजिस्टरमध्ये बीईआर लिहिताना शेजारी त्या वेळची रिसीव्ह पॉवर, किती बिट गेले आणि कोणत्या दिशेने, हे तिन्ही लिहा.