बाळ अंगावरचे दूध नाकारू लागले तर या चुका टाळा

कालपर्यंत छातीशी धरताच शांत होणारे बाळ आज अचानक तोंड फिरवते, पाठीची कमान करून मागे झुकते आणि आईने पुन्हा जवळ घेतले की आणखी मोठ्याने रडते. हा प्रसंग ज्या आईवर येतो तिला आधी वाईट वाटते आणि लगेच भीती वाटू लागते. बाळ उपाशी राहील, आपले दूध बिघडले असेल, बाळाला आपणच नकोसे झालो असू, असे विचार एकामागून एक येतात. या धास्तावलेल्या मनःस्थितीत पहिल्या एक-दोन दिवसांत जे केले जाते त्यातच बहुतेक चुका घडतात, आणि जो गुंता थोड्या दिवसांत सुटला असता तो त्या चुकांमुळे अधिक घट्ट होतो. बाळाला बोलता येत नाही, म्हणून ते आपली तक्रार तोंड फिरवून सांगते, आणि ती तक्रार आईबद्दल जवळजवळ कधीच नसते. यासाठी सुरुवातीलाच कामांचा क्रम मनात पक्का करावा: आधी बाळाचे पोट भरायचे, त्याच वेळी आईचे दूध टिकवायचे, आणि या दोन्ही गोष्टी मार्गी लागल्या की मगच बाळाला पुन्हा छातीला लावण्याचे प्रयत्न करायचे. खाली सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा हा क्रम उलटल्यामुळे होतात.

बाळाने स्वतःहून दूध सोडले, असे मानणे

स्वतःहून दूध सोडणारे मूल सहसा एक वर्षाच्या पुढचे असते, ते वरचे अन्न चांगले खात असते, आणि त्याचे अंगावर पिणे आठवड्यांमागून आठवडे हळूहळू कमी होत गेलेले असते. एका वर्षाच्या आतल्या बाळाने एका दिवसात पाठ फिरवली, तर त्यामागे बहुधा काहीतरी तात्पुरते कारण असते, आणि असा नकार साधारणपणे २ ते ४ दिवस, क्वचित आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक टिकतो. तो ‘दूध तोडण्याचा’ इशारा समजून त्याच दिवशी पाजणे बंद केले, तर परतीची वाट आपणच बंद करतो.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे लक्ष आजूबाजूला फार जाऊ लागते, दार वाजले तरी ते तोंड काढून मान वळवते, आणि एव्हाना सराव झाल्यामुळे पूर्वी अर्धा तास चालणारे पिणे ५ ते १० मिनिटांत उरकते. बाळ भरपूर शू करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर याला नकार म्हणता येणार नाही. शांत, अंधाऱ्या खोलीत पाजायला घेतले की बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

जबरदस्तीने छातीला लावणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीमुळे होते, आणि ती अतिशय मायेपोटी घडते. बाळ रडत असते, घरातली माणसे भोवती उभी राहून सूचना देत असतात, आणि कोणीतरी बाळाचे डोके मागून धरून छातीवर दाबते. डोक्याच्या मागच्या बाजूला दाब आला की बाळ प्रतिक्षिप्तपणे मान मागे ढकलते, शिवाय नाक दाबले गेल्याने गुदमरते. असे दोन-तीनदा झाले की छाती म्हणजे झटापट, हे समीकरण त्याच्या मनात बसते, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही ते छाती पाहताच रडू लागते. म्हणून बाळ रडू लागले की प्रयत्न तिथेच थांबवावा, त्याला खांद्यावर घ्यावे, शांत करावे आणि पुन्हा नंतर पाहावे. एका वेळचा प्रयत्न काही मिनिटांपेक्षा लांबवू नये.

बाळाला धरण्याची पद्धतही तपासून पाहावी. हाताचा आधार त्याच्या मानेला आणि खांद्यांना असावा, डोके मागे झुकायला मोकळे असावे, आणि बाळाचे पोट आईच्या अंगाला चिकटलेले असावे. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आले म्हणजे ते मान किंचित मागे टाकून मोठा ‘आ’ करते, हनुवटी आधी टेकते, आणि नुसत्या स्तनाग्राऐवजी त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात जातो.

छातीची भीती बसलेल्या बाळाचा विश्वास परत मिळवायचा तर काही काळ पाजण्याचा विषयच बाजूला ठेवावा लागतो. दिवसातून अनेकदा बाळाला फक्त डायपरवर, आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लागेल असे झोपवावे आणि दूध देऊ करू नये. फक्त जवळ असू द्यावे. आई मागे रेलून पडली आणि बाळ तिच्या अंगावर पालथे असले, तर कित्येकदा ते आपणहून सरकत छातीकडे येते. दुसरी अनुकूल वेळ म्हणजे अर्धवट झोपेची. झोप लागता लागता किंवा झोपेतून चाळवताना बाळाचा विरोध सैल झालेला असतो, आणि जागेपणी तोंडही न लावणारी अनेक बाळे रात्री झोपेत व्यवस्थित पितात. बसून धरल्यावर रडणारी काही बाळे आई चालत असताना, हलक्या हेलकाव्यात पितात. छातीला लावण्याआधी हाताने थोडे दूध काढून पान्हा फुटू द्यावा आणि दोन थेंब बाळाच्या ओठांवर लावावेत, म्हणजे वाट न पाहता त्याला लगेच दूध मिळते.

भूक लागली की पिईलच, असे म्हणून उपाशी ठेवणे

हा सल्ला अनुभवी माणसांकडूनही मिळतो, तरी तो ठामपणे नाकारावा. भुकेने कळवळलेले बाळ शिकण्याच्या किंवा जुळवून घेण्याच्या स्थितीत नसते, आणि लहान बाळ पुरेसे दूध न मिळाल्यास मलूल होते, मग त्याची मागण्याची ताकदही कमी होत जाते. उलट, थोडे काढलेले दूध आधी पाजून भुकेचा पहिला आवेग शमवला, तर बाळ पुष्कळदा अधिक शांतपणे छातीला लागते. रडणे हे भुकेचे उशिराचे लक्षण आहे. हात तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे, मान इकडेतिकडे वळवून शोधणे, ही आधीची लक्षणे दिसताच प्रयत्न करावा.

काढलेले दूध वाटीने किंवा चमच्याने देता येते. बाळाला मांडीवर जवळजवळ उभे धरावे, छोट्या वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठांना लागेल इतपतच ती तिरकी करावी. बाळ जिभेने ते स्वतः ओढून घेते. दूध तोंडात ओतल्यास ठसका लागतो. बाटली वापरावीच लागली तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही, मात्र कमी धारेचे बूच निवडावे, बाटली आडवी धरावी आणि मध्ये मध्ये थांबावे, नाहीतर बाटलीतून आयत्या मिळणाऱ्या जोरदार धारेची सवय लागून छातीशी पान्ह्याची वाट पाहणे बाळाला नकोसे होते. केवळ अंगावर पिणारे १ ते ६ महिन्यांचे बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध घेते. प्रत्येक बाळाचे प्रमाण वेगळे असते, तरी अंदाज बांधायला हा आकडा उपयोगी पडतो. काढलेले दूध पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून पावडरचे दूध द्यावे. सहा महिन्यांच्या आत पाणी किंवा साखरपाणी देऊन वेळ मारून नेऊ नये, आणि मध तर एक वर्षापर्यंत चाटवूही नये, कारण त्यातील जिवाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध काढायचे राहून जाणे

बाळ पीत नाही म्हणून आई हताश होऊन बसते, आणि एवढ्यात दुसरीच अडचण उभी राहते. छातीत दूध साचून राहिले की शरीर ते कमी तयार करू लागते, शिवाय छाती दाटते, गाठी होतात आणि स्तनाचा दाह होऊन ताप येऊ शकतो. त्यामुळे बाळ जितक्या वेळा पीत होते तितक्याच वेळा, रात्रीसह, हाताने किंवा पंपाने दूध काढावे. अगदी लहान बाळ असेल तर हे २४ तासांत ८ ते १२ वेळा होते. पंपात आलेले दूध पाहून आपल्याला दूधच नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण बाळ जितके ओढते तितके पंपाला ओढता येतेच असे नाही, आणि आईच्या मनावर ताण असला की पान्हा उशिरा फुटतो.

स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवसांपर्यंत चांगले राहते. ते कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम करावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध सारखे तापत नाही, त्यामुळे बाळाचे तोंड भाजण्याचा धोका असतो.

कारण न शोधता उपाय बदलत राहणे

बाळ नाकारते एवढीच नोंद पुरेशी नाही. ते नेमके कोणत्या क्षणी आणि कसे नाकारते हे दोन-तीन वेळा शांतपणे पाहावे, कारण त्यातच उत्तर असते. दोन घोट घेऊन बाळ तोंड काढून रडत असेल, तर नाक चोंदलेले आहे का ते बघावे, कारण नाक बंद असताना त्याला एकाच वेळी पिता आणि श्वास घेता येत नाही. पाजण्यापूर्वी डॉक्टरांनी सुचवलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक मोकळे करावे. आडवे धरल्यावरच रडत असेल आणि उभे धरल्यावर पीत असेल, तर कान दुखत असण्याची शक्यता असते. जिभेवर आणि गालांच्या आत पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील आणि आईच्या स्तनाग्राची आग होत असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्यावर दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. दात येताना हिरड्या दुखतात. पाजण्याआधी थंड केलेले टीदर चावायला दिल्याने आराम पडतो. लस टोचलेली मांडी दाबली जात असेल तर नुसती धरण्याची पद्धत बदलल्याने काम होते.

पान्हा फुटताच बाळाला ठसका लागत असेल आणि ते घाबरून सुटत असेल, तर दुधाची धार फार जोराची आहे. पहिली धार कपड्यावर जाऊ द्यावी आणि आईने मागे रेलून पाजावे. याउलट, एखादे मिनिट ओढून बाळ चिडत असेल तर धार कमी पडत आहे, अशा वेळी ते ओढत असताना स्तन हाताने हलकेच दाबत राहावे. आईने साबण, अत्तर किंवा अंगाला लावायचे क्रीम बदलले, बाळ चावल्यावर ती जोरात ओरडली, किंवा दोघांची बराच काळ ताटातूट झाली, अशी साधी कारणेही पुरतात. स्तनाचा दाह झाल्यावर त्या बाजूचे दूध खारट होते आणि बाळ फक्त तीच बाजू नाकारते. एकच बाजू नाकारण्यामागे बाळाच्या मानेचे किंवा खांद्याचे दुखणेही असू शकते. मात्र त्या स्तनात गाठ लागत असेल आणि ती काही दिवसांत जात नसेल, तर आईने स्वतःची तपासणी लांबणीवर टाकू नये.

यापैकी काहीही न पाहता आईच्या आहारातून एकेक पदार्थ काढत जाणे, किंवा दूध वाढवण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे, यात आईची आबाळ होते आणि मूळ कारण तसेच राहते.

नवजात बाळाच्या बाबतीत वाट पाहत बसणे

वर सांगितलेला धीर काही महिन्यांच्या बाळासाठी आहे. पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाने दूध नाकारले, किंवा कावीळ झाल्याने ते सतत गुंगीत राहून पाजण्याच्या वेळा चुकवू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. जीभ खालून आखडलेली असणे, जन्मावेळची दुखापत, वेळेआधी जन्मल्यामुळे ओढण्याची ताकद कमी असणे, अशी कारणे घरच्या घरी ओळखू येत नाहीत. दूध दाटून छाती दगडासारखी झाली असेल, तर स्तनाग्राभोवती बोटांच्या टोकांनी मिनिटभर आतल्या दिशेने हलका दाब दिल्यास तो भाग मऊ होतो आणि बाळाला तोंडात धरता येतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने २४ तासांत निदान सहा वेळा शू करून लंगोट चांगले ओले केले पाहिजेत. त्याहून कमी वेळा होत असेल, शू गडद पिवळी असेल, तोंड कोरडे पडले असेल, टाळू आत गेलेली असेल, बाळ उठवूनही नीट जागे होत नसेल, श्वास भराभर चालत असेल, उलटी हिरवी होत असेल, किंवा ते वाटी-चमच्यानेही दूध घेत नसेल, तर कोणत्याही वयाच्या बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये.

आईला एकटे सोडणे

या दिवसांत पाजणे, काढणे, भांडी उकळणे आणि पुन्हा पाजून पाहणे यातच आईचा दिवस आणि रात्र जाते, म्हणून वाटी-चमच्याने पाजण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी निःसंकोचपणे उचलावे आणि ‘तुझे दूधच कमी आहे’ यांसारखे वाक्य कोणीही उच्चारू नये. तिचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत खिन्न राहिले, तर तिच्यासाठीही डॉक्टरांची भेट घ्यावी.

बाळ परतल्यावर लगेच निर्धास्त होणे

बाळ बहुधा रात्री, झोपेच्या तंद्रीत पहिल्यांदा परत छातीला लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोंड फिरवू शकते. असे झाले तर सगळे फसले असे समजू नये. दिवसातली सगळी पाजणी सुरळीत होऊन दोन-तीन दिवस जाईपर्यंत दूध काढणे चालू ठेवावे आणि मग एकेक वेळ कमी करत जावे. त्या काळात बाळ चावले तरी ओरडू नये किंवा झटक्याने ओढून काढू नये. करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि काही क्षण थांबून पुन्हा द्यावे. दोन आठवडे उलटूनही बाळ छातीला लागत नसेल, तर स्तनपान सल्लागाराला प्रत्यक्ष पाजताना दाखवावे, कारण काही आठवड्यांनंतर परतलेलीही बाळे असतात. तोवर काढलेले दूध वाटीने देत राहावे आणि कातडीला कातडी लावून जवळ झोपवणे रोज चालू ठेवावे.