क्लस्टरच्या गॅसमधले कृष्णविवराचे बुडबुडे स्वतः कसे शोधायचे

चंद्रा ही एक्स-रे दुर्बीण १९९९ पासून वर फिरतेय आणि तिचा जवळपास सगळा जुना डेटा कुणालाही फुकट मिळतो, त्यामुळे महाकाय कृष्णविवर आजूबाजूच्या गॅसचं काय करतं ते नुसतं रंगवलेल्या फोटोत बघू नका, फाइल उघडून बघाच.

सुरुवात पर्सियस क्लस्टरपासून करा (क्लस्टर म्हणजे दीर्घिकांचा मोठा गट, त्यांच्यामधली जागा गरम गॅसने भरलेली असते), कॅटलॉगमध्ये त्याचं नाव एबेल ४२६. एक्स-रेमध्ये सगळ्यात ब्राइट दिसणारा क्लस्टर हाच, अंतर साधारण २४ कोटी प्रकाशवर्षं, मधोमध एनजीसी १२७५ ही दीर्घिका. चंद्राच्या अर्काइव्हमध्ये नावाने सर्च करा, तिच्या एसिस कॅमेऱ्याचं आणि ग्रेटिंग (एक्स-रे एनर्जीप्रमाणे पसरवणारी जाळी) नसलेलं ऑब्झर्वेशन निवडा, एक्स्पोजर जितका मोठा तितकं बरं.

लेव्हल २ ची इव्हेंट फाइल (म्हणजे पकडलेल्या प्रत्येक एक्स-रे फोटॉनची साफ केलेली यादी) डीएस९ या इमेज बघायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, स्केल लॉग करा, बिनच्या फिल्टरमध्ये एनर्जी ५०० ते ७००० ठेवा (फाइलमधले आकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असतात, किलोमध्ये नाही, ०.५ ते ७ टाकलंत तर स्क्रीन कोरी येईल) आणि मग हलकंसं स्मूदिंग द्या, म्हणजे शेजारचे पिक्सेल मिसळून इमेज गुळगुळीत करा. केंद्राच्या दोन्ही बाजूंना काळसर गोल दिसतील, तेच बुडबुडे. कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोताने, म्हणजे जेटने, तिथला गरम गॅस बाजूला ढकललाय, आणि एक्स-रेची चमक घनतेच्या वर्गावर चालते म्हणून थोडा गॅस कमी झाला तरी फरक लगेच कळतो.

आता खरं काम, कारण दिसलेलं प्रत्येक भोक बुडबुडा नसतं. कॅमेऱ्याच्या चिप्समधल्या फटीही काळ्याच दिसतात, म्हणून चंद्राच्या डेटासाठी असलेल्या चाओ या सॉफ्टवेअर पॅकेजमधलं फ्लक्सइमेज चालवून एक्स्पोजरने भागलेली इमेज काढा. स्मूदिंग जास्त झालं की नॉइजमधूनही गोल तयार होतात, तेव्हा दोन-तीन वेगळ्या स्मूदिंगला टिकतं तेच धरा. पर्सियसमध्ये आणखी एक फसवी जागा आहे, केंद्राच्या जरा उत्तरेला, तिथे समोर एक दुसरी दीर्घिका येते आणि तिचा थंड गॅस कमी एनर्जीचे एक्स-रे शोषून घेतो, त्यामुळे तिथलंही काळं दिसतं. फिल्टर २००० ते ७००० करून बघा, सावली असेल तर ती फिकी पडते, बुडबुडा तसाच राहतो. ही टेस्ट मला सगळ्यात आवडते, एका मिनिटात उत्तर मिळतं. शेवटी रेडिओ मॅपचे कॉन्टूर वर टाका, आतले दोन बुडबुडे रेडिओच्या लोब्सनी (जेटने भरलेले, रेडिओ लहरी देणारे फुगे) भरलेले दिसतील. बाहेरच्या जुन्या बुडबुड्यांत मात्र या लहरी देणारे इलेक्ट्रॉन थकलेले, म्हणजे ऊर्जा गमावलेले असतात, तिथे कमी फ्रीक्वेन्सीचाच मॅप लागतो.

एनर्जी काढणं सोपंय. पर्सियसमध्ये १ आर्कसेकंद (आकाशातल्या एका अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे साधारण १२०० प्रकाशवर्षं, त्यावरून त्रिज्या आणि आकारमान काढा, गॅसच्या दाबाने गुणा आणि मग ४ ने. एका बुडबुड्याला कोट्यवधी सुपरनोव्हांइतकी ऊर्जा लागलेली निघते, आणि मधला गॅस थंड का होत नाही याचं मोठं कारण हेच आहे.

हे जमलं की एमएस ०७३५ घ्या, तिथला एकेक बुडबुडा ६ लाख प्रकाशवर्षांच्या वर आहे, पण तो क्लस्टर खूप लांब आणि अंधुक, तेव्हा बिन मोठा ठेवा (म्हणजे जास्त पिक्सेल एकत्र धरा) आणि एकाहून जास्त ऑब्झर्वेशनं एकत्र जोडा.